बसणाऱ्याची गाडी, निजणाऱ्याची गाडी

माझी फियाट कळंबला आली त्या दिवशी अर्धं गाव दवाखान्यापुढे जमलं होतं. मुंबईच्या एका डॉक्टरने वापरून काढलेली, राखी रंगाची जुनी गाडी ती. पण कर्जतहून मी ती स्वतः चालवत आणली होती आणि माझा चेहरा नवरदेवासारखा झाला होता. कोणी बॉनेटवरून हात फिरवत होतं, कोणी हॉर्न दाबून बघत होतं. तेवढ्यात पांढऱ्या पातळातली एक ठेंगणी बाई गर्दीतून वाट काढत आली. तिने बॉनेटकडे पाहिलं नाही, हॉर्नकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही पाहिलं नाही. मागचं दार उघडलं, आत वाकली आणि या दारापासून त्या दारापर्यंत मागची सीट विती टाकून मोजू लागली. मोजून झाल्यावर दार हळू लावून म्हणाली, "पावणेसा विती. डॉक्टर, गाडी ब्येस हाय. पन बसनाऱ्याची हाय."

"मग गाडी कोणाची असते?" मी जरा चिडूनच विचारलं.

"निजनाऱ्याची बी असते की," असं म्हणून ती आपली पिशवी उचलून चालती झाली.

या रोकडेबाई. कळंबच्या सरकारी उपकेंद्रातल्या नर्स. गाव त्यांना 'बाय' म्हणे, वाड्यांवरची माणसं 'नरसबाय' म्हणत. मी मात्र पहिल्या दिवसापासून 'बाई' म्हणत आलो आणि तेच बरं होतं, कारण पुढच्या वीस वर्षांत मी त्यांच्याकडून जेवढं शिकलो तेवढं कॉलेजातल्या कोणत्याही सरांकडून शिकलो नाही. ही साठ सालानंतरची गोष्ट. मी नुकताच दवाखाना टाकला होता आणि मला सगळं येतं असं मला वाटत होतं.

बाई मूळच्या खालापूर तालुक्यातल्या. छप्पन साली वडिलांनी धर्म बदलला, घरातले देव नदीत सोडले, आणि त्याच वर्षी मुलीला नर्सिंगच्या ट्रेनिंगला पाठवलं. "आमच्या दादानं एका दिसात दोन कामं केली," बाई सांगत. "घरातलं जुनं भायेर काडलं नि मला बी भायेर काडलं." नवरा त्याआधीच वारला होता. मिलिंद नावाचा एक मुलगा, तो खोपोलीला शिळफाट्यावर मामाकडे शिकत होता. बाई कळंबला एका खोलीत एकट्या राहत. उंची पाच फुटाला दोन बोटं कमी, आवाज मात्र शेताच्या या बांधावरून त्या बांधावर पोचेल असा. त्यांच्या पिशवीत कात्री, दोरा, डेटॉलची बाटली, उकळून गुंडाळलेली फडकी आणि एक जुनी घोंगडी असे. घोंगडी कशाला, असं मी एकदा विचारलं. "टेकायला," एवढंच उत्तर मिळालं. कशाला टेकायला ते मला पुढे कळलं.

कळंबमध्ये त्या वेळी आणखी एकच गाडी होती. भाताच्या गिरणीवाल्या दामूशेठची काळी अँबॅसिडर. दामूशेठ उंचेपुरे, मिशीवाले, स्वभावाने तापट पण मनात काही न ठेवणारे. गाडीला ते दुसऱ्या कोणाचा हात लागू देत नसत; ड्रायव्हर ठेवणं त्यांना कमीपणाचं वाटे. लग्नसराईत पंचक्रोशीतल्या वराती त्यांच्याच गाडीतून निघत. भाडं म्हणून ते काही घेत नसत. नारळ आणि उपरणं घेत आणि स्टिअरिंगवर स्वतः बसत. नवरदेवाइतकाच मान त्यांनाही मिळे, आणि तो त्यांना आवडे.

माझी फियाट आल्यापासून संध्याकाळी गिरणीपुढे आमची जुंपायला लागली. शेठ म्हणायचे, "डॉक्टर, तुमची फियाट म्हंजे काडेपेटी. एक बैल आडवा आला तर संपली." मी म्हणायचो, "आणि तुमची अँबॅसिडर म्हणजे भाताची कणगी. वळायला अर्धा तास." मग पेट्रोल कोणाला कमी लागतं, घाट कोण आधी चढतं, पावसाळ्यात पोशीरच्या बाजूच्या पाण्यातून कोण पार होतं, हे सगळं निघे. खरं सांगायचं तर दोन्ही गाड्यांना आपापला गुण होता. फियाट हलकी, हाताला नरम, पटकन पळणारी. पण माझी जुनी गाडी उन्हात चढावर तापली की पेट्रोलच्या पंपाला ओलं फडकं गुंडाळावं लागे. अँबॅसिडर जड, उंच, चिखलाला न घाबरणारी. पण तिचं स्टिअरिंग फिरवून दामूशेठचे दंड पैलवानासारखे झाले होते.

एकदा आमचं असंच चाललं असताना बाई वाडीवरून परतत होत्या. थांबल्या, थोडं ऐकलं आणि म्हणाल्या, "तुमी दोगं बी पुढं बसून बोलताय. मागं कोन बसलंय का तुमच्यातलं कंदी?"

आपल्याच गाडीत मागे कोण बसतो?

बाई बसत, म्हणजे खरं तर बसत नसत. अडलेल्या बाईला कर्जतला किंवा त्याच्याही पुढे खोपोलीला न्यायचं तर तालुक्याची जीप एक आणि गावं पुष्कळ. मग माझी गाडी निघे. पेशंट मागच्या सीटवर आणि बाई पुढच्या सीटची पाठ व मागची सीट यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत, खाली, घोंगडीची घडी घालून तिच्यावर गुडघे टेकून. कळंब ते खोपोली असा प्रवास त्या गुडघ्यांवर करत. म्हणून गाड्यांची त्यांची पारख आमच्यापेक्षा वेगळी होती. दार किती उघडतं, सीट किती सपाट आहे, खाली गुडघे मावतात का, खड्ड्यात गाडी आपटते की डुलते, एवढंच त्या बघत. अँबॅसिडरची सीट त्यांनी केव्हाच मोजून ठेवली होती. साडेसहा विती.

"पाऊन वितीचा तर फरक," मी एकदा म्हणालो.

"डॉक्टर, पाऊन वितीत पोराचं डोस्कं मावतंय," बाई म्हणाल्या.

पण त्या फियाटच्या वैरी नव्हत्या. त्यांचा एक नियम होता आणि तो त्यांनी मला पाठ करायला लावला. "रगत चाललं तर फियाट. पोर आडलं तर अँबॅसिडर." रक्तस्राव होणाऱ्या बाईला वेळ नसतो, तिथे पळणारी गाडी हवी. मूल अडलेल्या बाईला जागा हवी, तिला कुशीवर निजवता आलं पाहिजे, पाय उचलून धरता आले पाहिजेत, आणि गाडी डुलली तरी चालेल पण आपटता कामा नये. मला हा नियम पहिल्यांदा अडाणी वाटला होता. पुढे मी तो माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येक नव्या डॉक्टरला सांगितला.

अडचण एवढीच होती की अँबॅसिडर दामूशेठची होती, आणि दामूशेठच्या घरात हुकूम आक्काचा चाले.

आक्का ही शेठची थोरली विधवा बहीण. कडक, देवभोळी, जिभेने तिखट. तिच्या पडवीच्या वळचणीला एक कान तुटलेला कप आणि बशी खोचून ठेवलेली असे. ती बाईंसाठी. बाई त्या घरी इंजेक्शन द्यायला जात तेव्हा आक्का आतून विचारी, "बाय, चाय घेशील?" आणि बाई अंगणातूनच म्हणत, "चाय सोडलीय मी." पहिली दोन वर्षं मला ते खरंच वाटलं. मग लक्षात आलं की माझ्या दवाखान्यात बाई दिवसाला तीन कप चहा पितात, आणि तोही साखर जास्त घालून.

अशात एका वैशाखात सकाळी डोंगराकडच्या वाडीवरून एका ठाकरणीला झोळीत घालून आणलं. मूल पायाळू होतं आणि कळा येऊनही अडलं होतं. बाईंनी तिच्या पोटावर हात ठेवला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "अँबॅसिडर." दुसऱ्या दिवशी कशेळ्याला वरात होती, शेठनी गाडी धुऊन पुसून ठेवली होती. आक्का नेमकी देवळात गेली होती. बाई गिरणीत गेल्या आणि शेठना काय म्हणाल्या कोण जाणे, पण शेठ तसेच बनियनवर सदरा चढवत बाहेर आले. माझ्यापुढे पेशंटची रांग होती, मला दवाखाना सोडता येईना. पुढचं सगळं मला शेठनीच सांगितलं.

कर्जत मागे टाकून पळसदरीच्या अलीकडे आले आणि मागून बाईंचा आवाज आला, "शेट, गाडी झाडाखाली घ्या. आनि त्यो आरसा वर करा."

शेठनी गाडी घेतली आणि आरसा छताकडे फिरवला. "डॉक्टर," ते मला सांगत होते, "मी तिकडं समोर बघत बसलो. दोनी हातांनी स्टिअरिंग धरलेलं. गाडी बंद हाय आनि मी स्टिअरिंग धरून बसलोय. मागं ती बाय एकदा दम देती, एकदा लाडानं बोलती. मला वाटलं, आता मीच मरतोय. आनि मग ट्यां झालं की वो!"

बाई मागून म्हणाल्या होत्या, "झालं. मुलगा हाय. आता सावकाश चला, कुनी पाठी लागलं नाय."

शेठ परत आले ते उड्या मारतच. गावात ज्याला त्याला सांगत सुटले, माझ्या गाडीत पोर झालं, पायाळू पोर झालं. हे आक्काच्या कानावर गेलं आणि तिने कपाळावर हात मारला. जन्म झाला ती जागा विटाळली. घरात मूल जन्मलं की घरच्यांना दहा दिवस सुवेर असतं. मग ज्या गाडीत जन्म झाला त्या गाडीला नको? "धा दिस गाडी शेडमंदी," आक्काने सांगून टाकलं. "सुवेरातली गाडी वरातीला देनार? लोकांच्या पोरींचं वाटोळं करनार काय?"

तापट दामूशेठ आक्कापुढे मांजर होत. गाडी शेडमध्ये गेली, दाराला कडी लागली. वराती बैलगाड्यांतून निघाल्या. मी हसलो. गिरणीपुढे शेठना चिडवलं सुद्धा, की तुमच्या गाडीला डिंकाचे लाडू द्या. ते हसणं मला अजून आठवतं आणि बरं वाटत नाही.

कारण सहाव्या दिवशी दुपारी पोशीरच्या बाजूच्या एका शेतकऱ्याची सून आणली. मूल आडवं होतं. तिच्या हाताला, कपाळाला घाम आणि नुसती "बाय गं, बाय गं" चाललेलं. ऑपरेशनशिवाय गत्यंतर नव्हतं. बाई गिरणीकडे धावत गेल्या. मी खिडकीतून बघत होतो. शेडपुढे आक्का उभी होती, शेठ तिच्या मागे मान खाली घालून. बोलणं ऐकू आलं नाही, पण फार वेळ लागला नाही. बाई परत आल्या त्या चालत.

"सुवेर फिटायला चार दिस हायत," त्या म्हणाल्या. "काडा तुमची."

"जमेल बाई," मी म्हणालो. "पळवतो."

मी पळवली. आयुष्यात इतकी कधी पळवली नाही. पण पळवण्याचं काम नव्हतंच ते. ती बाई उंच होती, फियाटच्या सीटवर धड निजता येईना. अर्धवट बसून, अर्धवट कलंडून, प्रत्येक खड्ड्याला तिचा श्वास अडके. बाई खाली गुडघ्यांवर बसून तिचं पोट दोन्ही हातांनी तोलून धरत होत्या. चढाला पंप तापला म्हणून मी एकदा थांबून फडकं भिजवलं. खोपोलीला ऑपरेशन झालं. आई वाचली. मूल गेलेलंच निघालं. मुलगी होती.

डॉक्टर म्हणून सांगतो, अँबॅसिडरमध्ये नेलं असतं तर ते मूल जगलंच असतं असं छातीठोकपणे कोणाला म्हणता येणार नाही. पण नसतंच जगलं असंही म्हणता येत नाही, आणि मला या दुसऱ्या वाक्याचा त्रास होतो. परतताना मागची सीट रिकामी होती. तरीही बाई खालीच बसल्या, घोंगडीवर.

"बाई, वर बसा," मी म्हणालो.

"ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला दवाखान्यातून उठवलं. "चला, आक्काला एक इचारायचंय. तुमी नुसते हुबे ऱ्हा." मला वाटलं आता भांडण होणार. बाई नेहमीप्रमाणे अंगणात उभ्या राहिल्या. आक्का पडवीत तांदूळ निवडत होती, शेठ खांबाला टेकून बसले होते. कालचं त्यांना कळलं होतं; दोघांचे चेहरे उतरले होते, पण आक्का माघार घेणाऱ्यातली नव्हती.

"आक्का, सुवेर कुनाला लागतं वो?" बाईंनी विचारलं. आवाजात राग नाही, काही नाही.

"तुला कशाला पायजे? तुमी लोकांनी सोडलंत ना ते?"

"सोडलं म्हनून इसरलो नाय. सांगा की."

"भावकीला लागतं. रगताच्या मानसांना."

"शेजाऱ्याला?"

"शेजाऱ्याला कशाला लागंल?"

"मंग सुईनीला? ती तर हात घालते."

"सुईन न्हाली की मोकळी," आक्का म्हणाली. "येवडं बी ठाव नाय तुला?"

"ठाव हाय. म्हनूनच इचारते." बाई एक पाऊल पुढे आल्या. "ही गाडी शेजारीन म्हना नायतर सुईन म्हना, दोन बादल्या पानी वतलं की मोकळी व्हायला पायजे व्हती. पन तुमी तिला धा दिसांचं सुवेर धरलंत. धा दिसांचं सुवेर भावकीला. म्हंजे गाडी पोराच्या भावकीतली. गाडी शेटची, शेट तुमचे भाऊ. मंग त्यो ठाकराचा पोरगा तुमचा भाचा का नातू, त्ये ठरवा, आनि बाराव्याला वाडीवर नाव ठेवायला जावा. पाळना बांदून वाट बगतायत."

मी शेठकडे पाहिलं. ते जमिनीकडे बघत होते. आक्काचा सुपातला हात थांबला होता. गिरणीचा पट्टा तेवढा फडफडत होता.

"बाय," शेवटी आक्का म्हणाली, "तू लय शानी हायस."

"नाय वो. काल मी येक पोरगी हातात घेतली. मेलेली. म्हनून आले."

आक्काने सूप खाली ठेवलं. "दामू, गाडीला आंगोळ घाल," ती म्हणाली. "सुईन हाय ती. न्हाली की मोकळी." आणि आत निघून गेली. चहाचं कोणी विचारलं नाही.

त्या दिवसापासून अँबॅसिडर गावाची झाली. तिच्यात पुढे बरीच पोरं जन्मली. दर वेळी शेठ घरी येऊन तिच्यावर दोन बादल्या पाणी ओतत आणि दुसऱ्या दिवशी ती मुंडावळ्या बांधून वरातीला जाई. बाई गिरणीच्या दारात दिसल्या की शेठ काही न विचारता उठत, गाडीत बसत, आधी आरसा छताकडे फिरवत आणि मग चावी लावत. त्या पहिल्या पायाळू पोराचं नाव कागदावर काय होतं मला माहीत नाही. वाडीवर आणि गावात त्याला मोटऱ्याच म्हणत. बारशाला शेठ गेले नाहीत. पण आक्काने शेजारणीच्या हातून एक झबलं-टोपडं पाठवलं होतं, असं बाईंनीच मला सांगितलं. "शिवलंय मातर झ्याक," त्या म्हणाल्या.

मी या गोष्टीला गोड शेवट देणार नाही. वळचणीचा कप तिथेच राहिला. आक्का बाईंना मानू लागली, स्वतःच्या दुखण्याखुपण्यालाही बाईच लागत, पण कप हलला नाही आणि बाईंची चहा सोडल्याची सबबही बदलली नाही. आक्का गेल्यावर पडवी शाकारायला काढली तेव्हा तो कप कोणीतरी टाकून दिला. मला याचा राग येई. बाईंना येत नसे, किंवा येत असेल तर त्यांनी तो कधी खर्चला नाही. "डॉक्टर, कप त्यांचा, तोंड माजं," त्या म्हणत. "मी काय प्यायचं त्ये मी ठरवलंय. गाडी मातर मला पायजेच व्हती. ती मी घेतली."

ऐंशी सालानंतर बाई निवृत्त झाल्या. मिलिंद तोवर खोपोलीच्या कारखान्यात लागला होता. तो न्यायला आला तरी बाई गेल्या नाहीत. शिळफाट्यावर ट्रकांच्या आवाजात झोप येत नाही म्हणाल्या. उपकेंद्रात नवी नर्स आली, तिला त्या विती मोजायला शिकवत होत्या. आमच्या गाड्याही म्हाताऱ्या झाल्या होत्या. फियाटला मी दोनदा रंग दिला होता, अँबॅसिडरची मागची सीट शेठनी नव्याने भरून घेतली होती. भरताना त्यांनी बाईंना बोलावून उंची विचारली होती, हे मला फार आवडलं होतं.

मग एक दिवस बाई दवाखान्यात आल्या आणि नेहमीसारख्या स्टुलावर न बसता टेबलावर आडव्या झाल्या. "हात लावून बगा," म्हणाल्या. पोटात गाठ होती. केव्हापासूनची, ते त्यांनी सांगितलं नाही. त्यांना कळलं नसेल हे मी मानायला तयार नाही.

खोपोलीला न्यायचं ठरलं. "शेठना सांगतो," मी म्हणालो. "अँबॅसिडरमध्ये निजून जा."

"नाय. फियाट काडा," बाई म्हणाल्या. "आज मी बसनारी हाय."

मी दार उघडलं तर त्या मागे वळल्याच नाहीत. पुढच्या सीटवर माझ्या शेजारी येऊन बसल्या, पिशवी मांडीवर घेऊन. वीस वर्षांत पहिल्यांदा. कशेळं गेलं, कर्जत गेलं, आणि त्या लहान मुलीसारख्या खिडकीबाहेर बघत होत्या. डोळे मिटूनही त्यांना रस्ता पाठ होता. "आता डावं वळन. आता खड्डा," असं आधीच सांगत. पण पळसदरीच्या अलीकडे त्या एकदम म्हणाल्या, "अगं बया, हितं इतकं मोटं तळं हाय? मला खालून नुसता गार वारा लागायचा. मी म्हनायची, कुटनं येतोय?"

मी गाडी थांबवली. त्यांनी बराच वेळ ते पाणी पाहिलं. मग म्हणाल्या, "चला. कुनी पाठी लागलं नाय, पन चला."

दोन आठवड्यांनी खोपोलीच्या हॉस्पिटलात सकाळी बाई गेल्या. वैशाखच होता. मिलिंद आणि मी गाडीची चौकशी करायला खाली उतरलो तर फाटकात काळी अँबॅसिडर उभी. दामूशेठ सत्तरीला आले होते, डोळ्यांवर जाड चष्मा, पण स्टिअरिंगवर स्वतःच. निरोप कोणी दिला ते मी विचारलं नाही. मागची सीट धुतलेली होती आणि तिच्यावर नवी पांढरी चादर. आम्ही बाईंना तिच्यावर निजवलं. मिलिंदने त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. ठेंगण्या बाई त्या सीटवर पाय जरासे दुमडून अगदी नीट मावल्या. शेठनी सवयीने आरशाला हात घातला, आणि तसाच काढून घेतला. आरसा होता तसा राहिला.

खालापूरकडच्या त्यांच्या गावी सगळं झालं. पांढऱ्या कपड्यांतली माणसं, त्रिशरण, पंचशील. शेठ हात जोडून एका बाजूला उभे होते. शब्द येत नव्हते तरी ओठ हलवत होते. निघताना ते मिलिंदला म्हणाले, "धा दिवस गाडी शेडमध्ये ठेवतोय. काही लागलं तर डॉक्टरांना सांग. सुतक हाय."

मिलिंद आईवर गेला होता. तो शांतपणे म्हणाला, "शेठ, आमच्यात सुतक नाही. छप्पनला सोडलं ते आजोबांनी."

"तुमी सोडलंत," शेठ म्हणाले. "मी कुटं सोडलंय?"

"अहो, पण गाडी अंघोळ घातली की मोकळी, हे आक्कांनीच ठरवलंय ना?" मी म्हणालो.

"ते परक्यांचं."

बाईंना हे अजिबात पटलं नसतं. एवढ्या भर लग्नसराईत धडधाकट गाडी दहा दिवस कोंडून ठेवणाऱ्याला त्यांनी चार शब्द सुनावले असते. एखादी अडलेली आलीच तर तिने काय करायचं, हे पहिलं विचारलं असतं. मी शेठना तेच विचारलं. ते म्हणाले, "अडलेली आली तर कडी काडीन. वरातीला नाय काडनार." आणि हा मान बाईंना जिवंतपणी, पडवीत, चांगल्या कपात मिळायला हवा होता, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं.

तिसऱ्या दिवशी मी गिरणीपुढे बसलो होतो. कशेळ्याचे एक गृहस्थ नारळ आणि उपरणं घेऊन आले, मुलाची वरात परवा होती. शेठनी नारळ परत त्यांच्या हातात ठेवला. "गाडी नाय मिळनार. सुतक हाय."

गृहस्थ चपापले. शेठचं घर त्यांना चांगलं माहीत होतं. घरातली सगळी माणसं समोर हिंडताफिरताना दिसत होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग शेठकडे. "कुनाचं वो, शेट?"

"भावकीतलं," दामूशेठ म्हणाले, आणि शेडचं दार ओढून कडी घातली.